चौथ्या ओळीवर अडलेलं गाऱ्हाणं

जिद्द हा शब्द मला अलीकडे ऐकवत नाही. मी शाळेत मराठी शिकवते, आणि ‘प्रयत्नांती परमेश्वर’ या विषयावरचे इतके निबंध तपासलेत की भिंतीवरून पडून पुन्हा चढणारी ती मुंगी मला चिरडावीशी वाटते. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यावर नातेवाइकांनी रोज सकाळी मोबाइलवर तीच मुंगी पाठवायला सुरुवात केली. उगवता सूर्य, खाली गुलाबाचं फूल आणि ‘हार मानू नका’. पाठवणाऱ्यांपैकी एकही जण बाबांसमोर अर्धा तास बसला नव्हता. बसला असता तर त्याला कळलं असतं की जिद्द ही लांबून बघायची गोष्ट आहे. जवळून ती फार कंटाळवाणी असते. एक माणूस एकाच जागी एकच चूक चाळीस वेळा करतो, एकेचाळिसाव्या वेळेला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि शेजारी बसलेल्याचं डोकं उठतं. शेजारी बसलेली ती मी.

आम्ही भांडुपला राहतो. आई, बाबा आणि मी. मी लग्न केलं नाही. पूर्वी इथे चाळ होती, आता त्याच जागी सात मजल्यांची बिल्डिंग आहे, पण माणसं बरीचशी तीच. निम्म्याहून जास्त घरं आमच्यासारखी सिंधुदुर्गातली, घरातलं कुणी ना कुणी गिरणीत होतं अशी. बाबाही परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला एका औषध कंपनीच्या गोदामात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. चाळीत दरवर्षी सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा व्हायची, ती बिल्डिंगमध्येही चालू राहिली. सकाळी झेंडा, मग पूजा, संध्याकाळी हळदीकुंकू. आणि आरती झाली की भटजी बाजूला सरकतात आणि गाऱ्हाणं होतं.

आमच्या कोकणात देवाला नुसता नमस्कार करून भागत नाही, त्याच्याशी बोलावं लागतं. एक जाणता माणूस हात जोडून उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने खणखणीत मालवणीत देवाला सांगतो, आमचं असं असं आहे, तेवढं सांभाळून घे. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” आमच्याकडे हे काम तीस वर्षं बाबांचं. ठरलेल्या पाच ओळी असायच्याच, पण शेवटी बाबा त्यात बिल्डिंगचंही घालायचे. एका वर्षी पाण्याची टाकी गळत होती, तर तेही देवाच्या कानावर घातलं. दोन महिन्यांत टाकी बदलली गेली, आणि तेव्हापासून सेक्रेटरीपेक्षा बाबांच्या शब्दाला वजन आलं. एरवी बाबा, म्हणजे बिल्डिंगचे ‘दादा’, अबोल माणूस. वर्षातून एकदा पाच मिनिटं बोलायचे आणि त्यावर वर्षभर ताठ चालायचे.

तो आवाज मे महिन्यात गेला. गॅलरीत कपडे वाळत घालताना बाबा खाली बसले ते उठलेच नाहीत. हॉस्पिटल झालं, मालिशवाला झाला, हातपाय हळूहळू ठिकाणावर आले. काठी घेऊन चालतात, उजवा पाय थोडा ओढतात आणि उजव्या हाताची मूठ नीट वळत नाही, एवढंच. वाचा मात्र आली नाही. समजायचं सगळं. टीव्हीवरच्या बातम्या बघून चिडायचे, आईने भाजीत मीठ कमी घातलं की ताट सरकवायचे. पण बोलायला तोंड उघडलं की “त... त... त...” याच्या पुढे गाडी नाही.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात बोलणं शिकवणारी एक डॉक्टर मुलगी होती. समजूतदार, हसतमुख. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “आजोबा घरी कुठली भाषा बोलतात?”

“मराठी,” मी म्हणाले.

“घरची वेगळी काही बोली वगैरे?”

“नाही. शुद्ध मराठी.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्समधून रुमाल काढला आणि त्यांच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली.

हे खोटं मी का बोलले ते सांगायलाच हवं. पाचवीत असताना बाईंनी मला कविता म्हणायला उभं केलं आणि मी म्हणाले, “बाई, माका नाय येणा.” वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यानंतर वर्षभर मला कुणी नावाने हाक मारली नाही, ‘माका’ म्हणूनच मारली. मी घरी येऊन जाहीर केलं, आजपासून आपल्या घरात शुद्ध बोलायचं. आईने ते कानाआड केलं. बाबांनी ऐकलं. गिरणीत दिवसभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस रात्री जेवताना माझ्याशी एकेक शब्द निवडून बोलायचा. “मला थोडा भात पाहिजे आहे.” “तुझा अभ्यास झाला काय?” आईशी मालवणी, शेजाऱ्यांशी मालवणी, देवाशी मालवणी आणि माझ्याशी हे असं उसनं मराठी. चाळीस वर्षं. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. पूजेतल्या त्या ‘व्हय म्हाराजा’तही मी पाचवीपासून कधी सामील झाले नाही. सगळे म्हणायचे तेव्हा मी नुसते ओठ हलवायचे.

तर मग कार्डं सुरू झाली. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. छत्री. खुर्ची. सफरचंद. चमचा. रोज शाळेतून आल्यावर एक तास आणि आठवड्यातून दोनदा मुलुंड. मुलुंडला जायला रिक्षावाला मिळणं हाच एक उपचार होता. तिघे मान हलवून निघून जायचे, चौथा घ्यायचा आणि उकरलेल्या रस्त्यावरून असा न्यायचा की बाबांच्या तोंडात आलेला ‘छ’ पुढच्या खड्ड्यात पडायचा. बाबा डाव्या हाताने दांडी धरून, घामाघूम, “छ... छ... छ...” करत बसलेले, आणि रिक्षावाला आरशातून बघतोय की म्हातारा आपल्याला काही म्हणतोय का. छत्री म्हणायला बाबांना सव्वा महिना लागला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

आकड्यांची आणखी गंमत. एक ते दहा एका दमात म्हणायचे. पण आपण राहतो तो मजला कितवा विचारलं की ‘चार’ काही केल्या यायचा नाही. मग ते बोटांवर मोजत सुरू करायचे, “एक, दोन, तीन, चार,” आणि चारवर थांबून माझ्याकडे बघायचे. म्हणजे शब्द आत होते, पण दारापर्यंत यायचे ते रांगेनेच. मधल्याला एकट्याने बाहेर पडता येत नव्हतं. डॉक्टर मुलगी म्हणायची की हे चांगलं लक्षण आहे. मला त्यात चांगलं काही दिसत नव्हतं. मी दिवसभर पाचवी-सहावीच्या पोरांशी घसा फोडून यायचे आणि घरी सत्तरी उलटलेल्या विद्यार्थ्याशी. बाबा ‘ख’वर अडकले की माझ्या तोंडून “खुर्ची!” निघून जायचं. त्यांना पाणी हवं असलं की ग्लास त्यांच्या आधी मीच दाखवायचे. तेवढाच वेळ वाचायचा.

डिसेंबरात पूजेची मीटिंग झाली, सोसायटीच्या ऑफिसात. लिफ्ट बंद होती, तरी बाबा कठड्याला धरून चार मजले उतरून आले. वर्गणी झाली, मंडप झाला, प्रसादाचा रवा कुणी भाजायचा ते झालं. मग कुणीतरी गाऱ्हाण्याचा विषय काढला. माइक-स्पीकरचं सगळं तिसऱ्या मजल्यावरचे काका बघतात. ते घसा खाकरून म्हणाले, “दादांचं मागच्या वर्षीचं गाऱ्हाणं माझ्या मोबाइलमध्ये आसा. ताच स्पीकरवर लावूया ना. आवाज दादांचोच, मग काय प्रॉब्लेम?”

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. “झकास आयडिया,” कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले. डाव्या हाताने छातीवर धप्प धप्प मारत म्हणाले, “त! त!”

अर्थ सगळ्यांना कळला. मी, मी सांगणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी बोलले. “काका, रेकॉर्डिंगच लावा. बाबांना नाही जमणार.”

मला त्यांची चारचौघांत फजिती व्हायला नको होती. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. मला माझीही फजिती नको होती, आणि घरी अजून एक शिकवणी तर मुळीच नको होती. बाबांनी छातीवरचा हात खाली घेतला. माझ्याकडे न बघता ते दाराबाहेर पडले आणि आले तसे चार मजले चढून गेले. मी मागून “थांबा, पडाल” म्हणत धावले तर त्यांनी काठी आडवी धरली. त्यानंतर तीन दिवस त्यांनी कार्डांकडे पाहिलं नाही. मी ‘छत्री’ समोर धरली की डोळे मिटून घ्यायचे. मी चिडून कार्डांचा गठ्ठा टीपॉयवर आपटला. म्हटलं, नका शिकू, मलाही हौस नाही.

तो आवाज ऐकून शेजारच्या मावशी आल्या. मावशी साताऱ्याकडच्या, बौद्ध. सरकारी हॉस्पिटलात आया म्हणून जन्म काढला आणि आता रिटायर आहेत. आमच्या पूजेला त्या येत नाहीत. त्यांचं त्यांचं पक्कं आहे. पण चौदा एप्रिलला सगळ्या बिल्डिंगला खीर त्यांच्याकडची असते, आणि बाबा आजारी पडल्यापासून दिवसातून एकदा येऊन त्यांच्यापाशी बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी एक कार्ड उचलून उलटसुलट केलं.

“ही कुनाची गं कार्डं?”

“बाबांची. बोलायला शिकायची.”

“छत्री म्हनून काय करनार हायत दादा? डिसेंबरात?” मग कार्ड खाली ठेवून म्हणाल्या, “मला एक सांग. तुझा बाप तुझ्या आईला कवा म्हनला का, मला पानी हवे आहे म्हनून?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती फस्सकन हसली. बाबांचे डोळे उघडे होते.

“वार्डात लई बघितलीत अशी मान्सं,” मावशी म्हणाल्या. “ज्याची बोली त्याला आधी येती. तू बापाला इंग्रजी शिकवतीस जनू. आनि दुसरं सांगू? राग नको मानू. त म्हनायच्या आत तू ताकभात म्हनतीस. त्यांनी बोलावं कवा?”

मला राग आला. चांगलाच आला. चहाचं विचारायचं सोडून मी आत निघून गेले आणि भांडी नसताना भांडी घासली. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्यात उभं राहून डॉक्टर मुलीला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. “मॅडम,” ती म्हणाली, “सहा महिने आपण काय करतोय मग? पहिल्या दिवशी सांगायचं ना!” पहिल्यांदाच ती माझ्यावर चिडली होती. मग ती म्हणाली की आकडे येतात ते रांगेत म्हणून येतात. त्यांच्या बोलीत त्यांना ठेक्यात पाठ असलेलं काही आहे का? अभंग, आरती, काहीही?

काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं, आणि ते मी स्वतःच्या तोंडाने देऊन टाकलं होतं हेही.

संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन काकांकडून ते रेकॉर्डिंग मागून घेतलं. “कशाक त्यांका ताण देतंस गो?” ते म्हणाले, पण पाठवलं. घरी बसून ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं आणि शब्द न् शब्द कागदावर उतरवला. मागच्या वर्षी बिल्डिंगचं काही नव्हतं, नुसत्या ठरलेल्या पाच ओळी. मराठीची शिक्षिका मी, पण ‘हाड’ म्हणजे ‘आण’ हे आईला विचारून घ्यावं लागलं. मोठ्याने वाचून बघितलं तर आई कणीक मळता मळता हसून वाकली. “अगो, ह्या काय? बातम्यो सांगतंस काय?”

बाबांसमोर कागद धरायची वेळच आली नाही. आईने आतून नुसतं ठेक्यात म्हटलं, “बा देवा...”

बाबांचे ओठ थरथरले. “म्हा... रा... जा.”

“व्हय म्हाराजा!” आईने लाटणं आपटून उत्तर दिलं.

सहा महिन्यांत कार्डांनी जे केलं नव्हतं ते एका संध्याकाळी झालं, आता सगळं सोपं होणार, असं मला वाटलं. हेच ते निबंधातलं. परिच्छेद बदलला की मुंगी वर पोचलेली असते. आमच्याकडे मुंगी चौथ्या ओळीला पोचली आणि तिथेच बसली.

पहिली ओळ देवाला हाक मारायची. दुसरीत, लेकरांनी केलेली वेडीवाकडी सेवा गोड मानून घे. तिसरीत, कामाधंद्याला बाहेर जाणाऱ्यांना सुखरूप घरी आण. एवढं बाबा महिनाअखेरीपर्यंत म्हणायला लागले, अडखळत, थुंकी उडवत, पण म्हणायला लागले. चौथी ओळ अशी: ‘कोण आजारी असात, कोणाक दुखणां असात, तर ता दूर कर रे म्हाराजा.’ ‘कोण’ यायचं. ‘आजारी’ यायचं नाही. आणि एकदा अडले की तिथून पुढे जाता येत नसे. आकड्यांचंच झालं. बाबा डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. बा देवा म्हाराजा. पुन्हा तीन ओळी. पुन्हा ‘कोण’. पुन्हा पहिल्यापासून.

रोज पहाटे साडेपाचला. मला सहा पंचावन्नला निघायचं असायचं. मी डबा भरतेय, बाबा ‘कोण’वर. मी केस विंचरतेय, बाबा ‘बा देवा’वर. आई न कंटाळता प्रत्येक ओळीला ‘व्हय म्हाराजा’ देतेय. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. माझ्या कानात ते इतकं बसलं की वर्गात हजेरी घेताना मी चौथ्या नंबराला थांबायला लागले. एका सकाळी माझा तोल सुटला. “आजारी!” मी ओरडले. “आजारी, आजारी, आजारी! एवढा एक शब्द म्हणा ना! किती वेळा त्याच खड्ड्यात पडायचं माणसाने?” आणि हातातल्या कागदाचे मी तुकडे केले.

आई लाटणं हातात धरून उभी राहिली. बाबा खुर्चीतून उठले, पाय ओढत आले आणि वाकून एकेक तुकडा उचलायला लागले. डाव्या हाताने. मला मदत करू दिली नाही. सगळे गोळा झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. मला उशीर होत होता. मी रडतच गेले आणि रिक्षावाल्याशी भांडले. संध्याकाळी आले तर तो कागद टीपॉयवर होता, जखमेला लावायच्या चिकटपट्टीने जोडलेला. दुसरी ओळ तिसरीच्या खाली लागली होती, एक तुकडा उलटा होता. त्या दिवसापासून मी ‘आजारी’ हा शब्द घरात उच्चारायचा नाही, असा कानाला खडा लावला. फार कठीण गेलं. शब्द दातांपर्यंत यायचा आणि मी तो गिळायचे.

जानेवारीच्या मध्यावर बाबांना खोकला झाला. ताप, कफ, चार दिवस अंथरूण. पाचव्या दिवशी उठले तेव्हा पहिली ओळसुद्धा गेली होती. महिनाभराची मेहनत पालथ्या घड्यावर पाणी. मी पलंगाच्या कडेवर बसून म्हणाले, “बाबा, खूप केलंत. सोडा आता. रेकॉर्डिंग आहे ना.” मनापासून म्हणाले. माझ्यात काही उरलं नव्हतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, म्हटलं ऐकलं बहुतेक. पाठमोऱ्या माणसाकडून आवाज आला, “ब... ब... ब...”

मी माझ्या अंथरुणावर जाऊन डोक्यावर उशी घेतली.

सव्वीस तारखेला कंपाउंडात मंडप होता. आदल्या दिवशीची स्थिती अशी, की तीन ओळी जेमतेम, चौथी नाही. आई मला न विचारता कमिटीला सांगून आली होती की गाऱ्हाणं बाबाच सांगतील. मी तिच्या मागून जाऊन काकांना सांगितलं की रेकॉर्डिंग तयार ठेवा, अडकले की लगेच लावा. म्हणजे बघा, तेव्हासुद्धा.

आरती झाली. भटजी सरकले. काका एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन बाबांच्या शेजारी उभे राहिले, अंगठा बटणावर. बाबांनी काठी आईकडे दिली. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने सरळ करून हात जोडले. वर चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये मावशी कठड्यावर कोपरं टेकून उभ्या होत्या.

“बा... देवा... म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” शंभर माणसांचा आवाज झाला. दुसरी ओळ तुकड्यातुकड्याने आली. तिसरीही आली. मग “कोण...” आणि मग माइकमधून नुसता श्वास. “कोण... त... त...”

मला बघवेना. ‘आजारी’ माझ्या जिभेच्या टोकावर उभा होता, नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं. आईने माझं मनगट धरलं, बांगडी रुतेल इतकं घट्ट.

बाबांनी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरू केलं. लोकांना कळेना, पण ‘व्हय म्हाराजा’ आलं. पुन्हा तीन ओळी, पुन्हा ‘कोण’, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा पहिल्यापासून. आता उत्तर विरळ झालं होतं. भटजींनी घड्याळ बघितलं, त्यांना कांजूरला दुसरी पूजा होती. मागे कुणीतरी म्हणालं, “लावा ना यार ते रेकॉर्डिंग.” बाबांच्या कानशिलावरून घाम वाहत होता.

“कोण...”

काकांनी मोबाइलकडे बघितलं. मग तो शर्टाच्या खिशात टाकला आणि एकट्याने, मंडप दणाणेल असं ओरडले, “व्हय म्हाराजा!”

वाक्य झालं नव्हतं. अर्ध्या वाक्याला कुणी ‘व्हय’ म्हणत नाही. बाबांनी दचकून डोळे उघडले आणि त्या धक्क्यातच त्यांच्या तोंडून निघालं, “आ... जारी...”

“व्हय म्हाराजा!” या वेळी सगळे.

“असात...”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाक... दुखणां...”

“व्हय म्हाराजा!”

एकेका शब्दाला. लोक उत्तर देईपर्यंत बाबांना दम घ्यायला मिळायचा, आणि तेवढ्यात पुढचा शब्द दारापाशी यायचा. पूर्वी जी ओळ ते एका श्वासात म्हणायचे तिला दोन मिनिटं लागली असतील. कुणाला घाई नव्हती. भटजीसुद्धा ओरडत होते. पाचवी ओळ, जे वाकडं असेल ते सरळ कर ही, तशीच ओढत ओढत पार पडली. “रे... म्हाराजा!” झालं. बायका प्रसादाच्या टोपाकडे वळल्या.

बाबांनी हात खाली घेतले नाहीत.

“आणि...” ते म्हणाले.

कागदावर ‘आणि’ नव्हतं. पाच ओळींनंतर काहीच नव्हतं.

“ह्या... माझ्या... चेडवाक...”

“व्हय म्हाराजा!” चेडू म्हणजे मुलगी. सगळी बिल्डिंग माझ्याकडे वळून बघायला लागली.

“वायच...” म्हणजे थोडासा. इथे बाबा अडले. मी काहीही बोलले नाही. शपथेवर सांगते, मला पुढचा शब्द माहीतच नव्हता. आईच्या हातातलं माझं मनगट मुंग्या येऊन बधिर झालं होतं.

“वायच... धीर... दी... रे म्हाराजा!”

हशा आणि ‘व्हय म्हाराजा’ एकदमच उसळले. सगळ्यांत मोठा आवाज आईचा. मावशी वरून टाळ्या वाजवत होत्या. मला इतका राग आला, सांगता सोय नाही. आठ महिन्यांत या माणसाने कुठल्याही रांगेतून न आणलेलं, स्वतः जुळवलेलं पहिलं वाक्य काढलं, आणि ते माझ्यावर खर्च केलं, भर कंपाउंडात, माइकवरून. रागाने माझे डोळे भरून वाहत होते, नाक वाहत होतं, आणि रुमाल पर्समध्ये चौथ्या मजल्यावर राहिला होता.

हशा ओसरला. बाबांचे हात अजून जोडलेलेच होते. ते माझ्याकडे बघत थांबले होते. सगळ्यांचं म्हणून झालं होतं, एकटीचं माझं राहिलं होतं. नुसते ओठ हलवलेले त्यांना या अंतरावरून कळले असते; इतकी वर्षं कळतच असणार.

“व्हय म्हाराजा,” मी मोठ्याने म्हणाले.

मग बाबांनी हात सोडले आणि आईकडून काठी मागून घेतली.